बाईंच्या नावाचे नऊ तुकडे

बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉलमध्ये सतरंज्या घालत होते. शनिवार होता, पावणेचार होत आले होते. फोन समोरच्या शाहबेनकडे आला होता. त्या एका पायात चप्पल नसताना धावत आल्या आणि दाराशी थांबल्या. म्हणाल्या, "मंदाबेन, वैशालीचा फोन होता... बाई गई." वैशाली म्हणजे बाईंची पुण्याची भाची. मी हो म्हटलं आणि हातातली सतरंजी पसरली. मग दुसरी पसरली, तिसरी पसरली. फळा पुसला, तारीख घातली. शाहबेन माझ्याकडे बघत राहिल्या. पण चार वाजता माणसं येणार होती, आणि जिन्याखालच्या बोर्डावर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं, 'उशीर चालणार नाही'. मग मी काय करणार होते?

माणसं आली. प्रत्येकाला मी दारातच सांगितलं. सोसायटीचे सेक्रेटरी कर्णिक म्हणाले, "आज वर्ग नको." सगळ्यांनी माना हलवल्या, पण उठलं कोणीच नाही. साडेपाचपर्यंत आम्ही फळ्याकडे बघत बसून राहिलो. मग मी सतरंज्या गुंडाळल्या आणि सगळे आपापल्या घरी गेले.

नंतर शोकसभा झाली. कर्णिक म्हणाले, मंदाताई, तुम्ही बोला, तुमच्याएवढं कोणी जवळचं नव्हतं. मी उभी राहिले, साडीचा पदर दोन्ही हातांनी धरला आणि खाली बसले.  पूर्वी बोललेय मी याच हॉलमध्ये, वीस-वीस माणसांसमोर बोललेय. त्या दिवशी मात्र नाही जमलं. ते जे राहिलं ते या वहीत लिहितेय. चौथीपर्यंत शिकलेय, तेवढं पुरतं.

ताम्हणेबाई आमच्या डोक्यावर दोन मजले राहायच्या. मुंबईतल्या एका कॉलेजच्या वाचनालयात त्यांनी जन्मभर नोकरी केली. निवृत्त झाल्यावर गिरगावातली खोली विकून इथे मीरा रोडला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. सामान म्हणाल तर एक लोखंडी कपाट, एक पलंग, एक टेबल... आणि बाकी सगळी पुस्तकं. टेंपोवाला घामाघूम होऊन म्हणाला, "मॅडम, दुकान खोलना है क्या?" बाई म्हणाल्या, "खोलेंगे, खोलेंगे. तू पहले ऊपर तो चढ़ा."

आमची गोष्ट वेगळी. आम्ही इथल्याच पेणकरपाड्यातले जुने. सासऱ्यांच्या वेळेपर्यंत भातशेती आणि मिठागर, दोन्ही होतं. मग जमीन बिल्डरला दिली आणि त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचं घर मिळालं. सोसायटीचा हॉल आहे तिथे आमचं खळं होतं. लग्न होऊन आले तेव्हा त्या खळ्यावर मी भात झोडलाय. म्हणून की काय, पण हॉलची किल्ली आमच्याकडेच राहिली. कोणाला हॉल हवा असला की मी उघडायचा, झाडायचा, बंद करायचा.

बाई आल्या त्याच वर्षी त्यांनी बोर्डावर कागद लावला. 'प्राचीन ग्रीस आणि रोम, ओळख वर्ग. दर शनिवारी दुपारी चार. फी नाही. उशीर चालणार नाही.' लोक वाचायचे आणि हसायचे. इथे नळाला पाणी नाही, स्टेशनला जायला धड रस्ता नाही, आणि कोणाला ग्रीस शिकायचंय! माझे मिस्टर म्हणाले, "दोन शनिवार. तिसऱ्याला बाई एकट्या बसतील." पहिल्या शनिवारी पाच जण आले. बाईंनी जुन्या चादरीवर निळ्या शाईने समुद्र काढून आणला होता, त्यात पायासारखा इटली देश, आणि बाजूला तुकडे तुकडे झालेलं ग्रीस. ती चादर खिळ्याला टांगून त्या बोलायला लागल्या आणि दीड तास थांबल्या नाहीत. मी दारात उभी होते. हॉल बंद करायचा म्हणून थांबले होते, असं मी स्वतःला सांगत होते. पुढच्या शनिवारीही दारातच. तिसऱ्या शनिवारी बाई बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "मंदा, दारात कशाला? आत ये."

"नको बाई, मला काय कळतंय त्यातलं."

"चौथी झालीयेस ना? वाचता येतं, लिहिता येतं. तिथल्या अर्ध्या लोकांना तेवढंही येत नव्हतं आणि ते राज्य चालवत होते. बस खाली."

मी बसले. तेव्हापासून फळ्यावर तारीख घालायचं काम माझं. नावं मला कधीच लक्षात राहिली नाहीत, गोष्टी मात्र राहिल्या.

वर्ग वाढत गेला. बेव्हर्ली पार्कच्या बाजूने चालत चालत माणसं यायला लागली. मुंबईतून आलेली, ऑफिसात जाणारी, शनिवारी अर्धा दिवस सुटणारी. बाई शिकवायच्या कडक. कोणी चार वाजून पाच मिनिटांनी आलं की तोंडातलं वाक्य तोडून त्याच्याकडे नुसतं बघायच्या. कोणी मध्येच प्रश्न विचारला तर "शेवटी" म्हणायच्या, आणि शेवट कधी यायचा नाही. पण सांगायच्या असं की त्यांनी ते शहर काल बघितलंय असं वाटावं. खरं तर त्या कधी विमानात बसल्या नव्हत्या. एकदा रोमच्या पाण्याचं सांगत होत्या. डोंगरातलं पाणी दगडी कमानींवरून वाहत वाहत शहरात कसं यायचं, चौकाचौकात कारंजी कशी होती... आणि बाहेर कोणीतरी ओरडलं, "टँकर आ गया!" एका मिनिटात हॉल रिकामा. बाई खडू हातात घेऊन उभ्या. कर्णिक दोन बादल्या घेऊन धावताना म्हणाले, "बाई, जाता जाता एक कमान इकडे पाठवायला सांगा त्यांना!" बाईंना राग आला होता, पण मग त्या स्वतःच वर जाऊन आपली कळशी घेऊन आल्या.

वर्षातून एकदा त्या कार्यक्रम करायच्या, सगळ्यांना खुला. एका वर्षी मुखवटे लावून नाटकातला एक प्रवेश वाचला. एका वर्षी रोमन जेवण केलं. मसूर, जवाची भाकरी, मध, अंजीर. ते लोक मासे मिठात मुरवून, उन्हात कुजवून त्याचं पाणी जेवणावर घ्यायचे असं बाईंनी सांगितलं तेव्हा शाहबेननी नाकाला रुमाल लावला. माझ्या सासूबाई मात्र खूश झाल्या. म्हणाल्या, "ही तं आपलीच मान्सं हायेत!" आणि दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या पालीहून आणलेल्या सुक्या मासळीचं एक पुडकं बाईंच्या दाराला लावून आल्या. बाई सारस्वत, त्यांनी ते आनंदाने खाल्लं.

आता ज्या शनिवारसाठी मी हे लिहायला बसले, तो सांगते.

त्या मे महिन्यात आमचं पाड्यातलं जुनं घर पाडलं. कौलांचा ढीग बिल्डिंगच्या मागे आणून टाकला होता. बाईंनी खिडकीतून तो बघितला आणि खाली आल्या. "मंदा, हे फुटके तुकडे मला हवेत. कार्यक्रमाला." काय कार्यक्रम, मी विचारलं नाही. तळहाताएवढे तीसेक तुकडे निवडून, धुऊन, वाळवून ठेवले. कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी बाईंनी तो वर्गाला नीट समजावला होता. पण मी त्या दिवशी उत्तनला भाचीच्या हळदीला गेले होते. सहा-सात वर्षांत तेवढा एकच शनिवार माझा चुकला.

कार्यक्रमाला गावातल्या बायकांना आण, असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. "गाव तुमचं आहे आणि हॉलमध्ये गाव दिसत नाही," असं त्या नेहमी म्हणायच्या. मी चौघींना तयार केलं. शिवाय सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखायचे म्हणून त्यांना पुढे, बाईंच्या टेबलाजवळ खुर्ची दिली. आम्ही बाकीच्या मागे सतरंजीवर. बाईंनी आपल्या पुस्तकी मराठीत भराभर सांगितलं, की ग्रीसमधल्या एका शहरात वर्षातून एकदा लोक जमायचे आणि शहरातला सगळ्यात मोठा, सगळ्यात वजनदार माणूस कोण त्याचं नाव खापराच्या तुकड्यावर खिळ्याने कोरायचे. तुमच्या मते आपल्या या हॉलमध्ये असा कोण, ते लिहा. पुढचं काय ते मागच्या शनिवारी सांगितलंच आहे.

मला पुढचं माहीत नव्हतं. आणि मला ते विचारावंसंही वाटलं नाही, कारण मत म्हणजे काय हे मला माहीत होतं. ग्रामपंचायत होती तेव्हापासून मत देत आलो आम्ही. जो हवा त्याच्यावर शिक्का मारायचा. यात विचारायचं काय? चौघी मला म्हणाल्या, "काय लिवायचा गो?" मी म्हटलं, सगळ्यात मोठं कोण वाटतं ते. त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "बाईच की. दुसरा कोन हाय?" त्यांना लिहिता येत नव्हतं. मी चार तुकड्यांवर चार वेळा 'बाई' कोरलं, आणि पाचव्यावर माझं मत म्हणून पुन्हा 'बाई'. जीव लावून कोरलं. काना नीट यावा म्हणून खिळा दोनदा फिरवला.

कर्णिक नावं वाचायला उभे राहिले. पहिलं नाव त्यांचंच निघालं. सगळे हसले. कोणीतरी ओरडलं, "पंप वेळेवर लावत नाहीत ना, म्हणून!" दुसऱ्यांदा कर्णिक निघाले तेव्हा ते स्वतःही हसले. मग 'बाई' निघालं. मग परत 'बाई'. 'ताम्हणेबाई'. 'बाई'. कर्णिकांचा आवाज हळू हळू कमी होत गेला.  शेवटी नऊ तुकडे बाईंच्या नावाचे आणि चार कर्णिकांच्या नावाचे, बाकी एक-दोन इकडेतिकडे. आमच्या चौघींनी टाळ्या वाजवल्या. आमचा माणूस निवडून आला होता ना! मीही वाजवल्या.

बाकी कोणीच वाजवल्या नाहीत. बाई उठल्या. खडू डब्यात ठेवला, डस्टर ड्रॉवरमध्ये ठेवला, आपल्या नावाचे तुकडे ओच्यात घेतले. म्हणाल्या, "निकाल लागला. तिथे दहा वर्षं जावं लागायचं. माझ्याकडे दहा वर्षं आहेत की नाही मला माहीत नाही, म्हणून मी दहा शनिवार जाते. वर्ग बंद पडता कामा नये." आणि जिना चढून वर गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज दोन मजले ऐकू आला.

मी शाहबेनना विचारलं, बाई का गेल्या? त्या म्हणाल्या, "अरे मंदाबेन, वो तो निकालने का वोट था! जो बहुत बड़ा हो गया उसको शहर से बाहर..."

 घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "बाई जितल्या ना? मंग त्या रागानं वर कशाला गेल्या?" त्यांना काय सांगू? ज्या बाईने मला दारातून आत बोलावलं तिला मी माझ्या हाताने, माझ्याच घराच्या कौलावर लिहून, पाच वेळा बाहेर काढलं होतं.

पहिला शनिवार आला. मी हॉल उघडला. कर्णिकांनी एका पुस्तकातली चार पानं वाचून दाखवली, बातम्या वाचतात तशी. दुसऱ्या शनिवारी निम्मी माणसं आली. तिसऱ्याला सहा. एक जण म्हणाला, "बाईंनी उगाच मनाला लावून घेतलं. खेळ होता." दुसरा म्हणाला, "अहो, पण नऊ मतं म्हणजे काहीतरी असेलच ना!" मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. मी तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात सगळं मिटलं असतं. पण सहा माणसांसमोर ते वाक्य माझ्या तोंडून निघेना. आणि खरं सांगायचं तर माणसांची भीती नव्हती. ते बाईंच्या कानावर गेल्यावर त्या काय म्हणतील त्याची होती. चूक झाली म्हटलं तर अडाणी ठरणार. गप्प राहिले तर फितूर ठरणार. दोन्हीतलं काय बरं, याचा मी तीन आठवडे विचार केला.

सोमवारी दुपारी वर गेले. बाईंचं दार उघडंच होतं. खिडकीशी टेबल, आणि टेबलावर ते नऊ तुकडे. नुसते ठेवलेले नव्हते, लावून ठेवले होते. पाच एकत्र, एक वेगळा, आणि तीन वेगळे.

"बस," बाई म्हणाल्या. "चहा टाकते."

"बाई..."

"आधी चहा."

चहा पिऊन झाला, कपबशा त्यांनी बाजूला सरकवल्या. मग पाचांतला एक तुकडा उचलून माझ्यापुढे धरला. "हे अक्षर फळ्यावर दर शनिवारी बघते मी. तारखेत 'डिसेंबर' लिहितेस तेव्हा तुझा 'ब' असाच पोट फुगवून बसतो."

"माझंच आहे, बाई."

"पाचही?"

"पाचही." आणि मग मी रडत रडत सगळं सांगितलं. हळद, चुकलेला शनिवार, शिक्का, चौघी, टाळ्या. बाईंनी चष्मा काढला, डोळे मिटले. मला वाटलं आता त्या मला जा म्हणणार. त्या खुर्चीत मागे रेलल्या आणि इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "म्हणजे मला हाकललं नाहीत. निवडून दिलंत!"

मी पाणी आणून दिलं. त्या म्हणाल्या, "अगं, त्या शहरात एका विहिरीत असेच ढीगभर तुकडे सापडलेत. नाव एकच आणि लिहिणारे हात मोजकेच. सगळे विद्वान म्हणतात, कट होता. मीही तीन आठवडे तेच म्हणत होते. मंदाने कट केला. का केला असेल बरं, काय चुकलं माझं? आता वाटतं, त्या विहिरीपाशीही एखादी मंदा बसली असेल, कोणी सांगावं!"

मग त्यांनी तो वेगळा ठेवलेला तुकडा दाखवला. त्यावरचं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.  "तुझ्या सासूबाईंनी तुकडा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, तुमचाच नाव लिवा बाई. तशीच एक गोष्ट आहे तिकडची. मी ती किती वर्षं सांगत आलेय. फार न्यायी म्हणून नाव असलेला एक माणूस होता. मतदानाच्या दिवशी एका खेडुताने त्याला न ओळखता त्याच्याच हातात खापर दिलं आणि त्याचंच नाव लिहायला सांगितलं. त्याने लिहिलं, काही न बोलता. आणि शहर सोडून गेला."

"पण बाई, आईंची चूक होतेय हे तुम्हाला तेव्हाच कळलं असेल ना?"

"त्यांच्या तोंडाकडे बघितल्यावर कळलं. इतक्या मायेने कोणी कोणाला घालवत नाही." त्यांनी तो तुकडा जागेवर ठेवला. "पण मत त्यांचं होतं गं. मी कोण बदलणार?"

मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, मग झालं तर, शनिवारी चला खाली. मी सगळ्यांना सांगते. तर बाई नाही म्हणाल्या. उरलेल्या तीन तुकड्यांवर त्यांनी बोट ठेवलं. "हे खरे आहेत."

"तीन मतांनी कोणी जात नाही, बाई. कर्णिकांना चार होती."

"मग कर्णिकांना पाठवू या का?" त्या हसल्या. पण लगेच गंभीर झाल्या. "मंदा, मला वाटत होतं मला एकही पडणार नाही. एकही! हे वाच." तिसऱ्या तुकड्यावर नुसतं नाव नव्हतं. 'बाई – फार बोलतात', असं बारीक अक्षरात कोरलं होतं. "खिळ्याने कौलावर एवढं लिहायला किती वेळ लागला असेल. म्हणजे मनापासून लिहिलंय. आणि खरंच आहे ते. इतकी वर्षं मी 'शेवटी' म्हणते आणि शेवट येऊ देत नाही. दहा शनिवार मी येणार नाही. हे तीन कोणाचे ते तूही शोधायचं नाहीस."

"आणि वर्ग बंद पडला तर? कधी परत बोलावत नसत का अशा माणसांना?"

"बोलवायचे की. शहर अडचणीत आलं तर मुदतीआधी बोलवायचे. तुमच्यावर काय शत्रू चालून आलाय?"

"तेवढंच झालंय, बाई. सहा माणसं आली परवा."

"मग सातवी तू. या शनिवारी तू मिठाचं सांग." मी नाही, नाही म्हणत होते तोवर त्या कपाटातून पुस्तक काढून बसल्यासुद्धा. रोमच्या नदीच्या मुखाशी मिठागरं होती. तिथलं मीठ डोंगरातल्या लोकांपर्यंत न्यायचा जो रस्ता होता त्याचं नावच मिठावरून पडलं होतं. बाईंनी हे एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं. "एवढं वाचून दाखव. बाकी मीठ कसं करतात हे पुस्तकात धड नाही. ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे." मी निघाले तेव्हा त्यांनी माझ्या अक्षरातले पाच तुकडे वर्तमानपत्रात बांधून दिले. "हे तुझं घर आहे. घेऊन जा."

शनिवारी मी आधी कर्णिकांना आणि शाहबेनना, मग बसलेल्या सगळ्यांना काय घडलं ते सांगितलं. आधी हसले सगळे, मग कोणी हसेना. मग मी बाईंचं पान वाचलं.  पान संपलं आणि मी म्हटलं, पुढचं इथे बसून कळणार नाही, चला. सगळ्यांना खाडीकडे घेऊन गेले, सासूबाईंना रिक्षात घालून. भरतीचं पाणी बाहेरच्या मोठ्या वाफ्यात कसं घ्यायचं, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, कसं ते उन्हाने जड होत जातं, जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट कशी करायची, मिठाची साय कधी धरते, लाकडी फावड्याने ती कशी ओढायची... मी आणि सासूबाई आळीपाळीने बोलत होतो. सासूबाई म्हणाल्या, "तिकरच्या बायांचे पाय पन आमच्यासारखेच फाटले असतील." कर्णिकांनी ते वहीत लिहून घेतलं. परत येताना माझ्या लक्षात आलं की मी दीड तास बोलत होते, आणि सगळे मध्ये मध्ये विचारत असूनही मी एकदाही कोणाला 'शेवटी' म्हटलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी कर्णिक बोलले. ते मुंबईत पाणीखात्यात नोकरीला होते, हे आम्हाला इतक्या वर्षांत कोणाला माहीतच नव्हतं. त्यांनी त्या कमानींचा उतार फळ्यावर काढून दाखवला. शाहबेननी कापडाच्या व्यापाराचं सांगितलं, अर्धं हिंदीत, अर्धं गुजरातीत. माणसं परत यायला लागली. दहाव्या शनिवारी सतरंजी कमी पडली. अकराव्या शनिवारी चारला दहा मिनिटं असताना बाई खाली आल्या, चपला काढल्या आणि शेवटच्या रांगेत भिंतीशी बसल्या. आम्ही टाळ्या वाजवायला लागलो तर म्हणाल्या, "टाळ्या नकोत. गेल्या वेळी टाळ्यांनीच घोळ झाला." त्या दिवशी त्यांनी हात वर करून एक प्रश्न विचारला. बोलणारा मुद्दाम म्हणाला, "शेवटी, बाई!" सगळ्यात मोठ्याने बाईच हसल्या.

तेव्हापासून वर्ग तसाच चालला. एक शनिवार बाईंचा, एक दुसऱ्या कोणाचा. सासूबाई त्यानंतर दोन वर्षांनी गेल्या. बाईंच्या टेबलावर खिडकीशी ते चार तुकडे कायम असायचे. सासूबाईंचा एक, आणि ते तीन. मी बघितलंय, शनिवारी खाली उतरण्यापूर्वी बाई तो 'फार बोलतात' उचलून एकदा वाचायच्या, जागेवर ठेवायच्या आणि मग कडी लावायच्या. आपण आरशात बघून कुंकू सारखं करतो तसं.

शेवटची भेट हॉस्पिटलमध्ये झाली, बुधवारी. आवाज अगदी खोल गेला होता. मी काहीबाही बोलत होते, बरं वाटेल, घरी येणार... त्यांनी हाताने थांबवलं. "शनिवारी कोण बोलणार?" मी म्हटलं, ठरलं नाही. "ठरव," म्हणाल्या. एवढंच.

गेल्या आठवड्यात वैशाली घर आवरायला आली. पुस्तकं एका वाचनालयाला दिली. टेबल आवरताना मला हाक मारून म्हणाली, "मावशी, हे कौलाचे तुकडे फेकून देऊ का?" मी म्हटलं, दे इकडे. सासूबाईंचा तुकडा मी आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. कौल सासूबाईंच्या घराचं, अक्षर बाईंचं. दोघी एकत्र. उरलेले तीन घेऊन मी परवाच्या शनिवारी हॉलमध्ये गेले आणि फळ्याजवळच्या टेबलावर मांडले. त्यांच्याबद्दल काही बोलले नाही. बोलायची पाळी माझीच होती. सुरुवात करण्यापूर्वी बाईंसारखा तो एक उचलून वाचला, खाली ठेवला. मग दीड तास बोलले. आवाज कुठे अडखळला नाही. टँकरही आला नाही.

साडेपाचला सगळे गेले. मी फळा पुसला, सतरंज्या गुंडाळल्या, आणि तुकडे उचलायला टेबलाशी आले तर दोनच होते. 'फार बोलतात' नव्हता. टेबलाखाली बघितलं, सतरंज्या परत उलगडून झटकल्या. मग हात थांबवला. ज्याने कोरला होता त्यानेच तो नेला असणार. बाईंनी शोधायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

दोन तुकडे टेबलावरच राहू दिले. त्यांच्या शेजारी तिसऱ्याची लालसर धूळ होती, तीही पुसली नाही. कोणीतरी बाईंना मुदतीआधी परत बोलावलं होतं.